मंगळवार, अकरा चाळीस

आमच्या आत्याचा जगावर विश्वास नाही. दुधावर तर त्याहून नाही, आणि तिची नोकरी नेमकी दुधाची.

मोठ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडलं की उजव्या हाताला, मिल्क बँक आहे. ज्या आयांना स्वतःच्या बाळाला पुरून उरेल एवढं दूध येतं, त्या ते घरी काढतात, बाटलीत भरतात आणि इथे देतात. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेट्यांमध्ये दिवस भरायच्या आत आलेली, तळहातावर मावतील अशी बाळं असतात. त्यांच्या आयांना अजून दूध आलेलं नसतं, किंवा त्या स्वतःच आजारी असतात. तेव्हा या बाटल्यांमधलं दूध त्या बाळांना नळीने देतात. दुसऱ्या मजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत मध्ये जे काही आहे ते म्हणजे आत्या. ती आलेल्या बाईचा फॉर्म भरते, रक्त तपासायला पाठवते, बाटल्या उतरवून घेते, हुंगते, नमुना लॅबला देते, बाटली अर्धा तास गरम पाण्याच्या यंत्रात ठेवते, गार करते, फ्रीझरात रचते. आणि प्रत्येक पायरीवर म्हणते, ‘असं कसं?’

हे म्हणायची तिची रीत आहे. ‘असं’ खालच्या पट्टीत, ‘कसं’ एकदम वर, आणि मधल्या फटीत चष्म्यावरून एक नजर. दवाखान्यात तिला असंकसं मावशी म्हणतात. तोंडावर नाही अर्थात.

घरी तरी काय निराळं? बाजारातून आणलेले टोमॅटो ती घरच्या काट्यावर पुन्हा तोलते. नव्या शर्टाला मागे शिवलेलं जादा बटण पुढच्या बटणांशी जुळतं का ते उजेडात धरून बघते. बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी डोकं दुखतंय म्हटलं तर कुठल्या बाजूने ते विचारते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारते, बाजू बदलते का बघायला. बाबा म्हणतात, ताई जन्मली तेव्हा रडली नाही; आधी नर्सला विचारलं असणार, आई हीच कशावरून. आई यावर हसत नाही, कारण ती वहिनी आहे आणि तिला वन्संच्या हातचा चहा आयता मिळतो. तीही मग हळूच म्हणते, आयता खरा, पण साखर किती हवी ते मला दोनदा सांगावं लागतं.

तर गोष्ट अशी, की एका बाईच्या बाटल्या वाढल्या.

तिला आपण थोरली म्हणू, आत्याही तसंच म्हणते. तीन महिने ती आठवड्याला आठ बाटल्या देत होती. कधी नऊ. बाळ तिचं गुटगुटीत, सहा महिन्यांचं, वरचं खायला लागलेलं. आणि एका आठवड्यात आठाच्या एकदम चौदा झाल्या. पुढच्या आठवड्यात सोळा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पंधरा. बाटल्या न्यायला पेटीवाला घरोघर जातो. त्याने आत्याला कौतुकाने सांगितलं की मावशी, या बाईला बक्षीस द्या. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की पेटीचं झाकण त्याने स्वतःच परत लावलं.

तिचं म्हणणं साधं होतं. बाळ वरचं खायला लागलं की दूध कमी होतं. हिचं वाढलं. असं कसं?

पहिला संशय पाण्याचा. दुसरा गाईच्या दुधाचा. दोन्ही ओळखणारं यंत्र बँकेत आहे. बाटलीतले दोन थेंब त्यात टाकले की ते चिठ्ठी काढून सांगतं. आत्याने एका बाटलीचे थेंब टाकले, मग दुसरीचे, मग यंत्रावर संशय येऊन यंत्र धुऊन तिसरीचे. तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच. शुद्ध, आईचंच दूध, पाणी नाही, काही नाही. लॅबचा अहवालही आला, जंतू नाहीत. दुसरं कुणी असतं तर हातपाय पसरून झोपलं असतं. आत्याने मात्र त्या तीन आठवड्यांच्या पंचेचाळीस बाटल्या फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवल्या, वर लाल चिकटपट्टी मारली आणि तिच्यावर लिहिलं, ‘थांबा’.

बाबांनी विचारलं, सगळं बरोबर आहे तर थांबायचं कशासाठी? आत्या म्हणाली, सगळं बरोबर आहे हेच बरोबर नाही.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. मग वरच्या मजल्यावरचं दूध संपत आलं.

दूध देणाऱ्या एका बाईला ताप आला, दुसरी गावाला गेली, तिसरीच्या बाटल्या लॅबने नापास केल्या. वर पाच बाळं बँकेच्या दुधावर होती. त्यातलं सगळ्यात लहान अकराशे ग्रॅमचं. नाव ठेवलेलं नव्हतं म्हणून सगळे त्याला ‘अकराशे’च म्हणत. त्याची आई शुद्धीवर यायची होती. एवढ्या जिवाच्या आतड्याला पावडरचं दूध झेपत नाही. आतडं सुजतं आणि मग गोष्ट हाताबाहेर जाते. फ्रीझरात चालू दूध होतं ते उद्या संध्याकाळपर्यंत पुरलं असतं. आणि खालच्या कप्प्यात लाल पट्टीखाली पंचेचाळीस बाटल्या.

डॉक्टर मॅडम जिना उतरल्यासारखं बोलतात. एक वाक्य, एक पायरी, प्रत्येक पायरीवर पाय टेकवून.

‘मावशी. यंत्र म्हणतं दूध चांगलं. लॅब म्हणते चांगलं. नाही म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. उद्या चारपर्यंत मला कारण द्या. नाही तर बाटल्या द्या.’

आत्याकडे कारण नव्हतं. तिच्याकडे नाक होतं.

त्या दुपारी ती फ्रीझरसमोर स्टूल घेऊन बसली. त्यांच्या बँकेत एका आईचं दूध दुसरीच्या दुधात कधीच मिसळत नाहीत. ज्या बाटलीत आलं त्याच बाटलीत ते यंत्रात जातं आणि त्याच बाटलीत वर जातं, आईने घरी लावलेल्या लेबलासकट. लेबलावर आईचं नाव, तारीख आणि दूध काढल्याची वेळ. आत्या एकेक बाटली बाहेर काढायची, वहीत वार आणि वेळ उतरवायची, बाटली परत आत ठेवायची. चष्म्यावर वाफ धरायची, ती पदराने पुसायची. नववी बाटली. मंगळवार, अकरा चाळीस.

आत्याने चष्मा पुन्हा पुसला. तरी अकरा चाळीसच.

आता हे बघा. दर तीन महिन्यांनी दूध देणाऱ्या प्रत्येक बाईचं रक्त पुन्हा तपासतात. थोरली त्याच मंगळवारी त्यासाठी बँकेत आली होती. अकराला आली आणि सव्वाबाराला गेली, दोन्ही वेळांपुढे रजिस्टरात तिची सही. मधला वेळ ती आत्याच्या समोरच्या निळ्या खुर्चीत बसून डाव्या हातातून रक्त देणार नाही म्हणून वाद घालत होती. म्हणजे अकरा चाळीसला बाई दवाखान्यात, आणि तिचं दूध घरी बाटलीत उतरतंय.

संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे छेडलं, काय ताई, पकडला का चोर? तिने वही मिटली आणि पानं घेतली. जेवताना भाताला मीठ कमी होतं, तरी बोलली नाही. आईने बाबांना खुणेनेच गप्प केलं. झोपायला जाताना आत्या एवढंच म्हणाली की अकराशेला दर दोन तासांनी बारा मिली लागतं. म्हणजे चहाचे जेमतेम अडीच चमचे. आणि मी पंचेचाळीस बाटल्यांवर बसले आहे.

सकाळी ती पेटीवाल्याच्या गाडीतून थोरलीच्या दारात उभी राहिली. दार सासूबाईंनी उघडलं, साखळी न काढता. आत्याने ओळखपत्र दाखवलं. सासूबाईंनी ते फटीतून आत घेतलं, फोटो बघितला, आत्याला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाल्या, यात केस काळे आहेत. आत्या सांगते, तिथेच मला बाई आवडली.

साखळी निघाली तरी चौकशी संपली नाही. हे दूध तुम्ही नक्की बाळांनाच देता ना? मग एवढा मोठा फ्रीझर कशाला? क्रीम बनवणाऱ्या कंपन्या दूध विकत घेतात म्हणे, खरं का? आत्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तरावर सासूबाईंनी ‘हं’ केलं. ‘हं’ म्हणजे ऐकलं, पटलं नाही. आत्याने आम्हाला आयुष्यभर जसं वागवलं, ते त्या दहा मिनिटांत तिला दुसऱ्या बाजूने कळलं असावं. ती कबूल करत नाही.

बसल्या बसल्या तिची नजर बाल्कनीत गेली. दोन दोऱ्यांवर लंगोट वाळत होते. एका दोरीवर लहान, दुसरीवर त्याहून लहान.

‘घरात बाळं किती?’

दोन होती. दोन मुलं, दोन सुना, दोन बाळं. थोरलीचं सहा महिन्यांचं, धाकटीचं चार महिन्यांचं. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बाळ खांद्यावर. ती नजर वर करत नव्हती.

आत्याने थोरलीला मंगळवारचं विचारलं. थोरली हुशार. तिने सांगितलं की आमचं भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे, चांगलं तासभर. आत्याने भिंतीकडे बघितलं, मग फोन काढून बघितला. घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर. थोरली म्हणाली, काल दुरुस्त केलं. सासूबाई म्हणाल्या, कुणी? थोरली म्हणाली, मीच. सासूबाई म्हणाल्या, स्टूल तर माझ्या खोलीत आहे.

संशयी बाई एक असली तर निसटता येतं. दोघींच्या मध्ये सापडलं की संपलं.

‘ताई, राहू द्या,’ धाकटी दारातून जावेला म्हणाली. ‘वेळ बरोबर आहे. ते दूध माझं आहे.’

मग सगळं बाहेर आलं, तेही उलट्या क्रमाने, कारण धाकटी शेवटाकडून सुरुवातीकडे सांगत होती. ते मी सरळ करून सांगते. धाकटीचं बाळ सातव्या महिन्यात झालं. बाळंतपणात रक्त फार गेलं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. ती अंथरुणावर होती तेव्हा बाळाला एकोणीस दिवस बँकेचं दूध मिळालं. कुणा कुणाचं, तिला माहीत नाही. बाळ घरी आलं, हिला दूध भरपूर उतरलं, आणि हिने ठरवलं की आता आपण द्यायचं. त्याच आठवड्यात दोघी जावा मिळून नाव नोंदवायला गेल्या. खिडकीशी बसलेल्या बाईने थोरलीचा फॉर्म ठेवून घेतला. धाकटीच्या फॉर्मवरून बोट फिरवलं, एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, तुमचं चालणार नाही. पुढची.

खिडकीशी बसलेली बाई कोण, हे धाकटीने बोलून दाखवलं नाही. फक्त त्या वेळी पहिल्यांदा नजर वर केली.

घरी येऊन तिने तेवढंच सांगितलं, माझं चालणार नाही म्हणाल्या. घराने त्याचा अर्थ लावला की हिचं दूध खराब. सासूबाईंनी न बोलता पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला. धाकटी स्वतःच्या बाळाला घ्यायलाही बिचकायला लागली. थोरलीने तीन महिने तिची समजूत घातली, बाळाचं वजन करून करून दाखवलं, बघ, तुझ्याच दुधावर वाढतंय. आणि एक दिवस म्हणाली, द्यायचंय ना तुला? माझ्या नावाने दे.

हे सांगताना थोरलीला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. विजेचं बिल माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, इंटरनेट माझ्या नावावर, वापरतात सगळे, तिने आत्याला समजावलं. एका घरातलं दूध. त्यात तुझं-माझं काय करायचं?

लेबलावर वेळ मात्र धाकटीने प्रत्येक वेळी खरी घातली. फॉर्मवर लिहिलेलं होतं, वेळ अचूक लिहावी. आत्या यावर अजून चिडते. म्हणते, खोटं बोलायचं तर धड बोलावं ना.

पण तेव्हा ती चिडली नाही. तिने सांगितलं की तुझ्या दुधाला काहीही झालेलं नाही. बाहेरचं रक्त चढवलं की सहा महिने कुणाचंच दूध घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे, कारण नव्या रक्तातून काही आलं असलं तर ते तपासणीत उशिरा दिसतं. स्वतःच्या बाळाला खुशाल पाज. सहा महिने झाले की ये.

सासूबाईंनी फळीवरच्या डब्याकडे बघितलं, मग आत्याकडे.

‘असं कसं? मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?’

तोच सूर. ‘असं’ खाली, ‘कसं’ वर. आत्याला आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाला. मागे लांब रांग होती हे उत्तर नव्हे, हे तिला कळत होतं. ‘चुकलं माझं,’ ती म्हणाली. हे तिने आम्हाला तीन दिवसांनी सांगितलं, आणि तेही पाठमोरी उभी राहून, कपबशा विसळताना.

घड्याळात साडेअकरा. चार वाजायला साडेचार तास. पंचेचाळीस बाटल्यांत निम्म्या थोरलीच्या होत्या, तपासलेल्या बाईच्या, चांगल्या. कुठल्या ते या दोघींनाच माहीत. आणि या दोघी तीन आठवडे आत्याशी खोटं बोललेल्या. थोरली म्हणाली, आम्ही सांगतो ना, विश्वास ठेवा. आत्या म्हणाली, तेवढं सोडून काहीही सांग.

तिने वही काढली. पंचेचाळीस वार आणि वेळा तिने काल उतरवलेल्या होत्याच. त्या दोन कागदांवर सारख्या लिहून काढल्या. थोरलीला बाल्कनीत बसवलं, धाकटीला स्वयंपाकघरात, मधलं दार लावलं. प्रत्येक वेळेपुढे लिहायचं, ते दूध कुणाचं. आठवत नसेल तर तसं लिहायचं. फोन दोघींचे टेबलावर. सासूबाईंनी आपणहून खुर्ची उचलून दोन्ही दारांच्या मध्ये ठेवली आणि पहाऱ्याला बसल्या. एकदा धाकटीचं बाळ रडलं तर त्याला आत नेऊन दिलं, पण आधी त्याचं दुपटं झटकून बघितलं, चिठ्ठी वगैरे नाही ना.

थोरलीला तिच्या वेळा आठवत होत्या कारण तिचं सगळं नवऱ्याच्या डब्याभोवती आणि बाळाच्या झोपेभोवती बांधलेलं. धाकटीला आठवत होत्या कारण तिला प्रत्येक बाटली आठवत होती.

पाऊण तासाने आत्याने दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि बोट फिरवलं. सासूबाई तिच्या खांद्यावरून बघत होत्या. पहिली जुळली. दुसरी जुळली. मंगळवार अकरा चाळीस, दोघींनी धाकटी. पंचेचाळीसपैकी त्रेचाळीस जुळल्या.

दोन नाही. गुरुवारची एक आणि रविवारची एक. थोरलीच्या कागदावर त्या दोन्हींपुढे धाकटी, आणि धाकटीच्या कागदावर थोरली. आत्याची भुवई चढली. दोघींना समोर उभं करून विचारलं तर कळलं, त्या दिवशी दोघींनाही थोडं थोडंच आलं होतं, म्हणून एकाच बाटलीत घातलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं, जास्त दुसरीचं होतं.

इथे आत्याचा विश्वास बसला. ती म्हणते, सगळ्या पंचेचाळीस जुळल्या असत्या तर मला वाटलं असतं दोघींनी आधी ठरवून ठेवलंय.

निघताना धाकटीने विचारलं, माझ्या बाटल्यांचं काय करणार? आत्याने गोड बोलून टाळलं नाही. ओतून टाकणार, ती म्हणाली. धाकटीने मान हलवली आणि बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

अडीचला आत्या डॉक्टर मॅडमच्या टेबलासमोर होती. दोन कागद, रजिस्टर, वही. मॅडमनी सगळं वाचलं, थोरलीला स्वतः फोन लावला, धाकटीला लावला, मग सही केली. तेवीस बाटल्या लाल पट्टीखालून निघून वर गेल्या. पावणेचारच्या सुमाराला अकराशेच्या नळीत बारा मिली गेलं. आत्या वर जाऊन काचेतून बघून आली. बाळाने दूध घेतलं की नाही ते नाही, नर्सने लेबल नीट वाचलं की नाही ते.

उरलेल्या बावीस बाटल्या तिने स्वतः सिंकमध्ये ओतल्या. मदतनीस बाई पुढे झाली होती, तिला नको म्हणाली. एकेक बाटली वितळवून, उलटी करून, थेंब संपेपर्यंत धरून. यंत्र ज्याला शुद्ध म्हणालं होतं ते दूध. मदतनीस बाई आमच्या आईला बाजारात भेटली तेव्हा आम्हाला कळलं.

मग तिने जुन्या फायली उपसून धाकटीचा फॉर्म काढला. खाली तिच्याच अक्षरात एकच शब्द होता, ‘अपात्र’. तिने त्याच्यापुढे तारीख घातली आणि लिहिलं, ‘तोपर्यंत. नंतर जरूर यावे.’ आता ती नाकारलेल्या प्रत्येक बाईला समोर बसवून कारण सांगते, आणि मग तिच्याकडून ते परत म्हणवून घेते, कळलं याचा पुरावा म्हणून. रांग जिन्यापर्यंत जाते. बाबा म्हणतात, आधी नुसती संशयी होती, आता सविस्तर संशयी झाली.

दोन महिन्यांनी धाकटीचं रक्त तपासून झालं, सगळं ठीक निघालं, आणि पेटीवाल्याने तिची पहिली बाटली आणली. लेबलावर तिचं स्वतःचं नाव. सकाळी सव्वासहा. आत्याने बाटली हुंगली, यंत्रात दोन थेंब टाकले, चिठ्ठी वाचली. शुद्ध. मग फोन उचलला.

‘सोमवारी सव्वासहाला कुठे होतीस?’

‘घरात,’ धाकटी म्हणाली. ‘सासूबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. देऊ का त्यांना?’

आत्या म्हणाली, दे.